दुपारी शांत, रात्री वेड्या: कार्यक्रमात शार्प्या आपोआप झटके मारतात तेव्हा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. दुपारी तीनला ट्रस, म्हणजे लाइटी टांगायचा सांगाडा, वर गेला, प्रत्येक लाइटीला तिचा नंबर म्हणजे ॲड्रेस लागला, कन्सोलवर ते नंबर जोडून पॅच झालं, सगळ्या शार्प्या (बारीक, तेज झोत मारणाऱ्या फिरत्या लाइटी) सांगितल्या तशा वागल्या. साडेसातला पाहुण्यांचे सत्कार उरकले, गायकानं आलाप घेतला आणि डावीकडची चार नंबरची शार्पी एकदम लोकांच्या डोळ्यांत. लगेच परत जागेवर. मग पाच आणि सहा मिळून. कन्सोलला, म्हणजे लाइटी चालवायच्या बोर्डाला, कुणी हात लावलेला नाही. ट्रसखालून पोरगा ओरडतोय, "अण्णा, चार नंबर येडं करायलंय!" मध्येच बंद-चालू केलं की थोडा वेळ बरं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी गोदामात तीच शार्पी लावली तर मख्ख उभी, काही बिघाड नाही.

सोलापुरात भाड्याच्या सामानावर लाइट डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार माहीत आहे. पार्क स्टेडियम असो, होम मैदान असो, जुळे सोलापुरातलं एखादं कॉलेजचं पटांगण असो, सामान तेच फिरतं, केबल त्याच फिरतात आणि रोगही तोच फिरतो. यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे शार्पी बदलणं. दुसरा इलाज, कन्सोलला शिव्या घालणं. दोन्ही बहुतेक वेळा चुकीच्या जागी मारलेले असतात. शार्पी बरी असते, कन्सोल बरा असतो. दोघांच्या मधल्या वायरीत, नाहीतर दोघांना मिळणाऱ्या वीजेत खोट असते.

म्हणून पहिला प्रश्न "कुठली शार्पी बिघडली" हा नको. "दुपार आणि रात्र यांच्यात काय काय बदललं" हा हवा. यादी केली तर फार लांब होत नाही. सगळा लोड एकदम चालू झाला. साउंड आणि एलईडी वॉल सुरू झाली. माणसं आली, त्यांचे मोबाइल आले, त्यांचे पाय केबलवर पडायला लागले. सामान तापलं. यांतल्या प्रत्येकाचं लक्षण थोडं वेगळं असतं आणि ते ओळखता आलं तर निम्मं काम तिथंच झालं.

आधी लक्षण नीट बघा

फिरत्या शार्पीत झटका दिसत नाही. तपासायचं असेल तेव्हा सगळ्या हेड (शार्पीची फिरती डोकी) एका जागी स्थिर करा, रंग पांढरा, गोबो (झोतात नक्षी पाडणारी चकती) काढलेला, डिमर अर्ध्यावर. पाच मिनिटं नुसतं बघत बसा. पॅन-टिल्ट (आडवं आणि उभं फिरणं) सरकला तर लगेच कळतं. अर्ध्या डिमरवर हलकी थरथरही कळते, पूर्ण उजेडात ती लपते.

मग ठरवा की झटका मनमानी आहे की नेमका. एक नंबरला टिल्ट दिला की दर वेळी पाच नंबर उडी मारत असेल तर तो ॲड्रेसचा गोंधळ आहे, वायरीचा नाही. शार्पीचं फिरणं, रंग, उजेड यांना वेगवेगळे चॅनल लागतात; सोळा चॅनलच्या मोडमध्ये ॲड्रेस १, १७, ३३, ४९ असे जातात आणि एका युनिव्हर्समध्ये (५१२ चॅनलचा एक संच) बरोबर ३२ शार्प्या बसतात, शेवटचीचा ॲड्रेस ४९७. पण भाड्याच्या लॉटमध्ये एखादी वीस चॅनलच्या मोडवर पडलेली असते, कारण मागच्या कार्यक्रमाच्या डिझायनरला तसं हवं होतं. ती पुढच्या शार्पीचे पहिले चार चॅनल खाते. ॲड्रेस लावताना नुसता आकडा बघू नका, मोडही बघा. हे मिनिटाभराचं काम असूनही सोडलं जातं, कारण ट्रस वर जायची घाई असते.

झटका मनमानी असेल, कधी चार कधी सात, तर पुढे वाचा.

डीएमएक्सला चूक कळतच नाही

कन्सोल वायरीतून लाइटींना हुकूम पाठवतो ती भाषा म्हणजे डीएमएक्स ५१२, १९८६ साली अमेरिकेत ठरलेलं प्रमाण. सेकंदाला अडीच लाख बिट, पूर्ण ५१२ चॅनल पाठवायचे तर सेकंदाला साधारण ४४ फेऱ्या. प्रत्येक चॅनलला ० ते २५५ मधला एक आकडा. आता यातली गोम अशी की आलेला आकडा बरोबर आहे की वाटेत बिघडला, हे तपासायची सोय त्यात नाही. कन्सोलनं १२७ पाठवलं आणि शार्पीला वाटेत मार खाल्लेलं २५५ मिळालं तर ती इमानदारीनं २५५ वर जाऊन उभी राहते. पुढच्या फेरीत बरोबर आकडा आला की परत येते. तोच तुम्हाला दिसणारा झटका. ज्या कामात माणसाच्या जिवाला धोका आहे, उदाहरणार्थ आतषबाजी पेटवणं, ते डीएमएक्सवर चालवू नका असं सांगतात ते याचसाठी.

म्हणजे सिग्नल पूर्ण मेला तर उलट सोपं. काहीच हलत नाही, सगळ्यांना दिसतं. अर्धवट जिवंत सिग्नल जास्त छळतो. तीन पिनांपैकी दोन नंबर किंवा तीन नंबरची तार कनेक्टरमध्ये सुटलेली असली तरी कित्येक शार्प्या उरलेल्या एका तारेवर कशाबशा चालतात. दुपारी चालतात. रात्री साउंड आणि वॉल सुरू होऊन हवेत विजेचा गोंगाट वाढला की त्यांचा तोल जातो.

माइकची केबल आणि टर्मिनेटर

आता खरं दुखणं. आपल्याकडं डीएमएक्ससाठी सर्रास माइकची केबल वापरतात. कनेक्टर तोच, तीन पिनांचा एक्सएलआर, बसतो व्यवस्थित. डीएमएक्सला ११० ते १२० ओहम इम्पीडन्सची (वेगवान सिग्नलला होणारा केबलचा विरोध) केबल लागते, माइकच्या केबलचा इम्पीडन्स त्याहून बराच कमी असतो आणि कपॅसिटन्स, म्हणजे तारांमध्ये विद्युतभार साठवायची खोड, जास्त. लहान स्टेजवर, दहा-पंधरा मीटरमध्ये, हे खपून जातं. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात स्टेजवरच कन्सोल ठेवला तर कदाचित कधीच कळणार नाही. पण होम मैदानावर कन्सोल लोकांच्या मागे, तिथून स्टेज, स्टेजवरून ट्रस, ट्रसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत खाली मजल्यावरच्या लाइटी, असं करत शे-दीडशे मीटर सहज होतं. तिथं बिटांच्या कडा गोल होतात आणि शेवटच्या शार्प्यांना ० आणि १ ओळखता येत नाही.

शिवाय माइकची केबल वापरली की ती केबल साउंडवाल्याच्या पेटीत जाते आणि त्याची तुमच्याकडं येते. कधीतरी फँटमचे (केबलमधूनच माइकला दिल्या जाणाऱ्या वीजेचे) ४८ व्होल्ट चालू असलेल्या लाइनला शार्पी जोडली जाते आणि तिची सिग्नल घेणारी रिसीव्हर चिप जळते. म्हणून डीएमएक्सच्या केबलला दोन्ही टोकांना लाल टेप. सोलापूरच्या क्रूमध्ये एक पोरगा मराठी बोलणारा, एक तेलुगू, एक कन्नड, आणि गडबडीत तिघंही आपापल्या भाषेत ओरडतात. लाल टेप तिघांनाही कळते.

टर्मिनेटर म्हणजे शेवटच्या शार्पीच्या आउटमध्ये लावायचा एक प्लग, ज्यात दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर असतो. बाजारात रेझिस्टर काही रुपयांना मिळतो, वर एक मेल कनेक्टर, झालं. तो नसेल तर सिग्नल लाइनच्या टोकाला आपटून परत येतो, विहिरीत हाक मारल्यावर आपलाच आवाज आपल्या बोलण्यावर येऊन आदळावा तसा. चार शार्प्यांच्या लाइनीत हे जाणवत नाही म्हणून लोक म्हणतात "आम्ही कधीच लावत नाही, चालतंय की." चालतंय तोवर चालतंय. ज्या रात्री केबल लांब, शार्प्या जास्त आणि गोंगाट जास्त, त्या रात्री चालत नाही.

एक सोपी तपासणी आहे जी ट्रस वर गेल्यानंतरसुद्धा खालून करता येते. मेन बंद. कन्सोलमधून डीएमएक्स केबल काढा आणि त्या केबलच्या दोन आणि तीन पिनांवर मल्टिमीटर ओहमवर लावा. १०० ते १२० च्या आसपास आकडा आला तर दोन्ही तारा शेवटपर्यंत अखंड आहेत आणि टर्मिनेटर बसलेला आहे. साठच्या जवळ आला तर कुठेतरी दोन टर्मिनेटर आहेत; काही शार्प्यांत आतच एक असतो, मेनूमधून किंवा बटणानं चालू होतो. आकडा हजारांत गेला किंवा काहीच आलं नाही तर लाइन मध्ये तुटलेली आहे, नाहीतर टर्मिनेटर नाही. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. मग एक-दोन आणि एक-तीन या जोड्याही बघा, तिथं शॉर्ट नको. मीटर लावलेला असताना पोराला सांगून जवळच्या कनेक्टरना हलवून बघायला लावा. आकडा उड्या मारायला लागला की कोरडं, म्हणजे नीट न धरलेलं, सोल्डरिंग सापडलं.

लाइनला मध्येच वाय केबल लावून दोन फाटे काढायचे नाहीत. साउंडवाले माइक किंवा स्पीकरला लावतात, त्यांचं चालतं, आपलं नाही. फाटा हवा असेल तर स्प्लिटर, तोही ऑप्टो-आयसोलेटेड, म्हणजे सिग्नल आत प्रकाशातून पुढे देणारा, दोन बाजूंच्या तारा न जोडणारा. एका लाइनवर ३२ लोड (साधारण तेवढ्या लाइटी) ही वरची मर्यादा आहे, पण जुनं भाड्याचं सामान असेल तर मी सोळाच्या पुढे जात नाही. स्प्लिटरच्या प्रत्येक आउटपुटला वेगळी लाइन आणि प्रत्येक लाइनला स्वतःचा टर्मिनेटर.

अर्धी तोडा

केबल ठीक दिसतेय, टर्मिनेटर आहे, तरी झटके. आता एकेक शार्पी बदलत बसू नका. सोळाच्या लाइनीत आठव्याच्या आउटमधून केबल काढा आणि तिथं टर्मिनेटर लावा. पहिल्या आठ शांत झाल्या? दोष पुढच्या आठांत. नाही झाल्या? याच पहिल्या आठांत. मग चौथ्याला तोडा. अशा चार तपासण्यांत सोळांतली एक सापडते. लक्षात ठेवा, केबल खरंच काढायची, नुसती पुढच्या शार्प्यांची वीज बंद करून भागत नाही. पुढची बिघडलेली शार्पी मागच्या सगळ्या लाइनीला खाली ओढू शकते, त्यामुळे झटका चार नंबरला दिसतो आणि आजारी अकरा नंबर असते. पोरं चार नंबर उतरवून बसतात.

संशयित सापडली की तिच्या इन आणि आउटच्या केबल एकमेकींना थेट जोडून तिला वगळा. बहुतेक शार्प्यांत इन आणि आउट आतून सरळ जोडलेले असतात, रिसीव्हर चिप त्यावर बाजूनं बसलेली असते. ती चिप अर्धी जळलेली असेल तर ती स्वतः बऱ्यापैकी चालते आणि शेजाऱ्यांना वेडं करते. चिप स्वस्त असते, सॉकेटमध्ये खोचलेली असेल तर बदलणं सोपं, सरळ बोर्डावर डकवलेली असेल तर रिपेअरवाल्याचं काम.

अजून एक गुन्हेगार आहे ज्याचा कुणाला संशय येत नाही. स्वस्त पार (न फिरणाऱ्या, रंग टाकणाऱ्या साध्या लाइटी) आणि काही शार्प्यांत मेनूमध्ये मास्टर, ऑटो, साउंड असे मोड असतात. मास्टरवर गेलेली लाइट स्वतः डीएमएक्स पाठवायला लागते. एका लाइनवर कन्सोलही बोलतोय आणि ही बयाही बोलतेय. परिणाम भयानक असतो: सगळी लाइन मनानं नाचते. काही मॉडेल सिग्नल क्षणभर गेला की आपोआप ऑटोत जातात. मेनूमध्ये 'सिग्नल गेल्यावर काय' अशी सेटिंग असते, ती 'होल्ड'वर ठेवा. लॉट ताब्यात घेताना प्रत्येक लाइटचा मेनू बघणं कंटाळवाणं आहे. तरी बघा.

वीज

सोलापुरात मोठ्या कार्यक्रमाला जनरेटर येतो. तो असला म्हणजे वीज चांगली, असा आयोजकांचा समज असतो. जनरेटर चांगला असू शकतो, त्याच्यापुढची वायरिंग मंडपवाल्याची असते आणि ती कुणीच बघत नाही.

साधा हिशोब. २३० वॅटचा दिवा असलेली शार्पी बॅलास्ट (दिवा पेटवून चालवणारं सर्किट), मोटारी, पंखे धरून साडेतीनशे वॅटच्या आसपास खाते. आठ शार्प्या म्हणजे २८०० वॅट, साधारण १२ अँपिअर. पन्नास मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर त्यात जाऊन-येऊन नऊ व्होल्ट पडतात. दीड चौरस मिलिमीटरची असेल तर पंधरा. पुरवठाच २१० वर आला असेल तर ट्रसवर १९५ उरतात. दुपारी दोन-दोन करून तपासताना हे कधी दिसत नाही. रात्री कोरसला सगळ्या एकदम पेटल्या, वॉल पांढरी झाली, सबवूफरनं घोट घेतला, की व्होल्टेज दचकतं. कुणाचा पॉवर सप्लाय क्षणभर रिसेट होतो, कुणाचा डिस्चार्ज दिवा विझतो. विझलेला दिवा गरम असताना लगेच पेटत नाही, काही मिनिटं थंड व्हावा लागतो. तेव्हा रिसेट होऊन सगळी हेड स्वतःभोवती फिरून घेत असेल तर तो डीएमएक्सचा झटका नाही, वीजेचा आहे. मल्टिमीटर शेवटच्या सॉकेटवर लावून सगळं एकदम पेटवा आणि आकडा बघा. ही तपासणी दुपारीच करता येते, फक्त आयोजक म्हणतो "आत्तापासून कशाला डिझेल जाळताय, मालक?"

याहून वाईट म्हणजे न्यूट्रल. तीन फेजवर लोड वाटलेला असतो आणि न्यूट्रलचा जोड ढिला असतो. तो सुटला की एका फेजचं व्होल्टेज खाली आणि दुसऱ्याचं वर, पार साडेतीनशेच्या पुढेसुद्धा. दोन फेजांमधलं व्होल्टेज ४०० च्या आसपास असतं हे विसरू नका. एलईडी लाइटींच्या पॉवर सप्लायमुळे आणखी एक घोळ होतो: त्यांचा करंट सरळ लाटेसारखा नसतो, त्यातला १५० हर्ट्झचा भाग तिन्ही फेजांतून न्यूट्रलमध्ये येऊन एकत्र जमतो, एकमेकांना रद्द करत नाही. फेज समान वाटले तरी न्यूट्रल तापते. म्हणून न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक असली की मी काम सुरू करत नाही. न्यूट्रलचा जोड तपासायचं काम परवानाधारक वायरमनचं. आपण फक्त फेज-न्यूट्रल तिन्ही आकडे आणि न्यूट्रल-अर्थ आकडा मीटरवर बघायचा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये पाच व्होल्टच्या वर दिसलं की वायरमनला बोलवा, कार्यक्रम चालू असला तरी.

आणि कन्सोल. लोकांच्या मागे मांडलेल्या कन्सोलला वीज कुठून येते? बऱ्याचदा साउंडवाल्याच्या बोर्डातून, नाहीतर शेजारच्या खांबावरून, आणि स्टेज जनरेटरवर. दोन ठिकाणचे अर्थ वेगळे, त्यांच्यात व्होल्टेजचा फरक. डीएमएक्सचे रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा असा फरक सोसतात. पुढे गेला की आधी झटके, मग चिपा जळतात. कन्सोल आणि स्टेज एकाच सोर्सवर घ्या. ते शक्य नसेल तर मध्ये ऑप्टो-आयसोलेटेड स्प्लिटर ठेवाच. काही जण गुणगुण थांबवायला अर्थची पिनच तोडतात. अशी केबल दिसली की कात्री लावून तिथंच तिचे दोन तुकडे करा, म्हणजे पुन्हा कुणी वापरणार नाही. लोखंडी ट्रसला अर्थ नसणं आणि पावसाळी हवेत त्यावर पोरगं चढणं, हा खेळ करायचा नाही.

माणसं आली की वायरलेस जातं

केबल ओढायचा कंटाळा म्हणून हल्ली छोटे वायरलेस डीएमएक्स डोंगल आलेत. दुपारी मोकळ्या मैदानावर शंभर मीटरवरून मस्त चालतात. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. रात्री त्या पट्ट्यात हजारो मोबाइल येतात, वर माणसाचं शरीर, जे बहुतेक पाणीच, त्या लहरी शोषून घेतं. कन्सोल टेबलावर, डोंगल कन्सोलच्या मागे, आणि पुढे उभा राहून नाचणारा जमाव. सिग्नल जाणार कुठून?

वायरलेस वापरायचंच असेल तर ट्रान्समीटर डोक्यांच्या वर, उंच खांबावर, रिसीव्हरच्या थेट नजरेत. स्वस्त डोंगलना सात रंगांचे आयडी असतात. दुसऱ्या कुणी, समजा एलईडीची झालर लावणाऱ्या डेकोरेटरनं, तोच रंग घेतला असेल तर दोघांचे सिग्नल एकमेकांत घुसतात. त्याला जाऊन रंग विचारा. माझं मत विचाराल तर सजावटीच्या पार वायरलेसवर चालतील, शार्प्या नाही. लोकांच्या डोळ्यांत बीम मारू शकणारी वस्तू केबलवरच हवी.

लॅपटॉपवरून नेटवर्कनं नोडला (नेटवर्कच्या सिग्नलचा डीएमएक्स करणारा डबा) पाठवत असाल तर एक बघा: बॅकअपचा लॅपटॉपही तेच युनिव्हर्स पाठवतोय का. दोन्हीकडून आलं की नोड दोन्ही मिसळतो आणि लाइटी दोघांच्या मध्ये थरथरतात.

हे झटके नव्हेत

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. शार्पीच्या पाटीवर वातावरणाचं कमाल तापमान लिहिलेलं असतं, बहुतेकांचं ४०. संध्याकाळी सहालासुद्धा ट्रसवर त्याहून जास्त असतं. दिवा अर्ध्या तासानं आपोआप बंद होत असेल तर ते थर्मल कटऑफ आहे, जाळीत साठलेली मैदानाची धूळ ब्लोअरनं काढा आणि सत्काराच्या वेळी दिवे पेटवून ठेवू नका. एवढंच.

आणि व्हिडिओवाला येऊन म्हणतो "लाइट थरथरतेय, स्क्रीनवर पट्टे येतायत", पण तुमच्या डोळ्यांना काही दिसत नाही, तर तो एलईडीच्या डिमिंगचा वेग आणि कॅमेऱ्याच्या शटरचा वाद आहे. लाइटच्या मेनूत पीडब्ल्यूएम फ्रिक्वेन्सी, म्हणजे एलईडी किती वेगानं चालू-बंद होते तो आकडा, वाढवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवायला सांगा.

चालू गाण्यात काय करायचं

गाणं थांबवायचं नाही. झटके मारणाऱ्या लाइनीचा शटर बंद, डिमर शून्यावर. हेड हलत राहू द्या, अंधारात कुणाला दिसत नाही. रिसेट देऊ नका; हेड फिरताना दिव्याचा उजेड कुठेही जातो. मेनही एकदम तोडू नका, डिस्चार्ज दिव्याला पंख्यानं थंड व्हायचं असतं. शटरसुद्धा आपोआप उघडत असेल तर कन्सोलवरून दिवा बंदची कमांड द्या. गायक-वादकांवर समोरून पडणारा सरसकट उजेड, म्हणजे फ्रंट वॉश, वेगळ्या लाइनीवर ठेवलेला असेल तर गाणं त्यावर सुखानं निघतं. म्हणून तो वेगळ्याच लाइनीवर ठेवायचा, कितीही घाई असली तरी. गझल किंवा भीमगीतांचा कार्यक्रम असेल तर लोकांना शार्पीची आठवणही येत नाही. डीजे असेल तर थोडी ओरड होते.

दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्यात स्प्लिटरच्या मोकळ्या आउटपुटवरून त्या लाइनीला नवी केबल ओढता येते का बघा. त्यासाठी एक आउटपुट आणि एक पन्नास मीटरची केबल कायम मोकळी ठेवलेली हवी. रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, सूट मिळालेल्या दिवशी बाराला, त्यामुळे मध्यंतर लांबवून दुरुस्ती करू असं मनात धरू नका. तेवढा वेळ कुणी देत नाही.

हे सगळं कोटेशनमध्ये दाखवा. "डीएमएक्स केबल, १२० ओहम, २०० मीटर. स्प्लिटर, आयसोलेटेड, एक. टर्मिनेटर, आठ." आयोजक पहिल्यांदा ह्याच ओळींवर काट मारतो, कारण त्या स्टेजवर दिसत नाहीत. काट मारली तर शार्प्यांची संख्या कमी करा, केबलची नाही. सोळाऐवजी बारा लाइटी सांगितल्या तशा वागल्या तर डिझाइन उभं राहतं. सोळांतल्या तीन झटके मारत असतील तर लोकांना त्या तीनच दिसतात, आणि पुढच्या कार्यक्रमाला फोन दुसऱ्याला जातो.